पारसचं बिल आणि गायगावची पावती

‘‘पेट्रोल महाग झालं, पेट्रोल महाग झालं म्हनता; पन कोनाची गाडी थांबली, सांगा बरं भाऊ?’’

बाळापूरच्या बसस्टँडजवळच्या टपरीवर एका निवृत्त साहेबांनी हा सवाल टाकला आणि बाकावरच्या चौघांनी माना डोलावल्या. साहेब अभ्यासू माणूस. पुढे त्यांनी मुद्देही मांडले. भाव जगाच्या बाजारात ठरतो, आपण तेल बाहेरून आणतो. कराच्या पैशातून रस्ते होतात, लसी मिळतात. आणि लूट करत असेल तर ती राज्य सरकार करतं. त्यांच्या शेजारी बसलेल्या माणसाचं शेवटच्या मुद्द्यावर एवढंच म्हणणं होतं, की राज्य नाही, केंद्र. बाकी सगळं त्यालाही मान्य होतं. त्या दिवशी मी गप्प बसलो, कारण आकडे डोक्यात होते पण हिशेब मांडलेला नव्हता. तो इथे मांडतो.

सुरुवात साहेबांच्या सवालापासूनच करू, कारण सगळी गोम त्यातच आहे. गाडी थांबली नाही, हे खरं. पण गाडी थांबली नाही म्हणजे पेट्रोल परवडतं, असा अर्थ होत नाही. गाडी थांबवणं परवडत नाही, एवढाच होतो. टोमॅटो ऐंशी रुपये झाले तर बाई पाव किलो घेते, नाहीतर चिंच टाकून भागवते. अकोल्याच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या बाळापूरच्या पोराला अर्ध्या रस्त्यापर्यंत जाऊन भागत नाही. जी वस्तू महागली तरी माणसाला सोडता येत नाही, तिच्यावर कर लावणं कोणत्याही सरकारला सगळ्यात सोपं. ‘कोणाची गाडी थांबली?’ हा सवाल कराचं समर्थन म्हणून विचारला जातो, पण खरं तर ती कबुली आहे. गाडी थांबत नाही, म्हणूनच तर कर तिच्यावर बसतो.

आता १०४ रुपयांची फोड करू. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राने उत्पादन शुल्क वाढवल्यानंतरचे दर घेतो आणि अकोला जिल्ह्यातला लिटरचा भाव ढोबळमानाने १०४ रुपये धरतो. राज्याचा कर दोन तुकड्यांत आहे : २५ टक्के व्हॅट आणि वर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे. १०४ मधून आधी ५.१२ काढा, उरलेल्या ९८.८८ ला सव्वाने भागा, ७९.१० येतात. म्हणजे व्हॅट १९.७८, अधिभारासह राज्याचे २४.९०. केंद्राचं उत्पादन शुल्क २१.९०. दोन्ही मिळून ४६ रुपये ८० पैसे. उरलेल्या ५७.२० मध्ये कच्चं तेल, शुद्धीकरण, वाहतूक, कंपनीचा नफा आणि पंपवाल्याचं साडेचार रुपयांच्या आसपासचं कमिशन, एवढं सगळं बसतं. माल सत्तावन्नचा आणि त्यावर कर सत्तेचाळीसचा. ऐंशी टक्क्यांच्या वर.

यात एक बारकी गंमत आहे. राज्याचा व्हॅट नुसत्या पेट्रोलच्या किमतीवर लागत नाही. केंद्राचं शुल्क त्यात मिळवून मग लागतो. २१.९० वर २५ टक्के म्हणजे जवळपास साडेपाच रुपये. हा कर पेट्रोलवरचा नाही, करावरचा आहे. २२ मे २०२२ रोजी केंद्राने पेट्रोलवरचं शुल्क ८ रुपयांनी आणि डिझेलवरचं ६ रुपयांनी उतरवलं, तेव्हा ही गंमत चव्हाट्यावर आली. महाराष्ट्र सरकारनेही आपला कर पेट्रोलवर २ रुपये ८ पैशांनी आणि डिझेलवर १ रुपया ४४ पैशांनी कमी केल्याचं जाहीर केलं. लोक पंपावर गेले, तर ही वेगळी कपात कुठे दिसेना. दिसणार कशी? मुंबईत तेव्हा पेट्रोलवर २६ टक्के व्हॅट होता आणि ८ चे २६ टक्के बरोबर २ रुपये ८ पैसे होतात. डिझेलवर २४ टक्के होता आणि ६ चे २४ टक्के १ रुपया ४४ पैसे. केंद्राचा कर उतरला की त्यावरचा राज्याचा कर आपोआप उतरणारच होता. जे आपसूक गळून पडलं, ते दान म्हणून जाहीर झालं.

‘भाव जगाच्या बाजारात ठरतो,’ हा साहेबांचा दुसरा मुद्दा. भाव तिथे ठरतो हे खरं, पण तो आपल्यापर्यंत पोचतो कसा ते पाहा. भारत जे कच्चं तेल घेतो त्याचा सरासरी भाव २०१३-१४ मध्ये पिंपाला १०५ डॉलरच्या घरात होता. जानेवारी २०१६ मध्ये तो २८ डॉलरच्या आसपास आला. एवढ्या घसरणीत पेट्रोल बरंच खाली यायला हवं होतं. नाही आलं, कारण नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढलं आणि लिटरमागे ९.४८ चं २१.४८ झालं. २०२० मध्ये टाळेबंदीत कच्चं तेल २० डॉलरच्या खाली गेलं, तेव्हा मार्चमध्ये ३ आणि मे महिन्यात आणखी १० रुपये शुल्क चढलं, ते ३२.९८ झालं. एप्रिल २०२५ मध्ये तेल पुन्हा घसरलं आणि शुल्क पुन्हा २ रुपयांनी वाढलं. त्या वेळी सांगण्यात आलं की हा बोजा कंपन्या सोसतील, ग्राहकाला झळ नाही. झळ नाही, हे शब्दशः खरं. पण पंपावरचा भाव जो अडीच रुपयांनी उतरू शकला असता, तो उतरला नाही. विहिरीला पाणी आलं आणि ते आपल्या वाफ्यात यायच्या आधीच कोणी पाट फोडून घेतला, तर ‘तुमचं आहे ते पाणी तर कमी नाही ना झालं?’ असं विचारणाऱ्याला वऱ्हाडात काय म्हणतात, ते मी इथे लिहीत नाही.

तेल महागलं की भाव चढतो, कारण बाजार. तेल स्वस्त झालं की कर चढतो, कारण महसूल. दोन्ही वेळा १०४ रुपये मोजणारा माणूस तोच.

आणि बाजार म्हणावा तर तोही अर्धाच. पेट्रोलचे दर २६ जून २०१० पासून नियंत्रणमुक्त आहेत. १६ जून २०१७ पासून ते रोज सकाळी बदलायचं ठरलं. पण ४ नोव्हेंबर २०२१ नंतर उत्तर प्रदेशासह पाच राज्यांच्या निवडणुका आटपेपर्यंत तब्बल १३७ दिवस दर हलला नाही. २२ मार्च २०२२ पासून पंधरवड्यात तो दहा रुपयांनी चढला. पुढे मे २०२२ ते मार्च २०२४ जवळपास दोन वर्षं कंपन्यांचा दर पुन्हा जागचा हलला नाही आणि लोकसभेच्या तोंडावर दोन रुपयांनी उतरला. कापसाचा भाव खेड्यापाड्यांत संध्याकाळपर्यंत दोनदा पडतो. त्याला निवडणुकीच्या तारखा का बरं माहीत नसतात?

वाहतुकीचं म्हणाल तर बाळापूर तालुक्याला ते कारण सांगायची सोयच नाही. परभणीचं पेट्रोल राज्यात सगळ्यात महाग असतं, कारण ते लांबून मनमाडच्या डेपोतून येतं. ते समजू शकतं. आमच्या तालुक्यात गायगावला रेल्वेमार्गाला लागूनच तेल कंपन्यांचे डेपो आहेत. तिथून टँकर निघतात आणि बाळापूरच्या पंपावर पोचायला त्यांना फार वेळ लागत नाही. तरी आमचा आणि परभणीचा फरक दोन-तीन रुपयांचा. लांब असण्याची शिक्षा दोन-तीन रुपये, कराची सत्तेचाळीस.

मग हे सत्तेचाळीस जातात कुठे? ‘रस्ते होतात.’ रस्ते झाले, नाही कोण म्हणतं? जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला मार्गावर १०५ तासांत ७५ किलोमीटर डांबरी थर टाकल्याचा गिनीज विक्रम झाला, त्याचं कौतुक आम्हीही केलं. त्याआधी याच महामार्गाचं चौपदरीकरण किती वर्षं रखडलं, ते पाठीच्या मणक्यांनी लक्षात ठेवलं आहे. पण २१.९० पैकी रस्ते आणि पायाभूत सुविधांचा उपकर फक्त ५ रुपये आहे आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर त्यातून रस्त्यांखेरीज इतर कामांनाही पैसे देता येतात. चारचाकीवाला महामार्गावर चढला की फास्टॅग वेगळा वाजतो. रस्त्याचे पैसे एकदा नळीत आणि एकदा नाक्यावर.

लसीचं कारण टपरीवरच्या साहेबांनी स्वतः शोधलेलं नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये पेट्रोलियम खात्याचे राज्यमंत्री रामेश्वर तेली यांनी, फुकट लस घेतली तर तिचे पैसे येणार कुठून, अशा आशयाचं विधान केलं होतं. म्हणजे लस फुकट नव्हतीच. पेट्रोल भरणाऱ्याने तिचे पैसे दिले. मग फलकावर फोटो त्याचा का नव्हता?

त्याच्या दोन महिने आधी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी आधीच्या सरकारच्या तेल रोख्यांकडे बोट दाखवलं होतं. रोखे काढून आजची सवलत उद्याच्या माणसावर टाकणं चूकच होतं; त्याचा बचाव मी करणार नाही. पण सरकारनेच सांगितलेला हिशेब असा, की सात वर्षांत या रोख्यांवर व्याज सुमारे ७० हजार कोटी रुपये गेलं. पेट्रोल-डिझेलवरच्या उत्पादन शुल्कातून एकट्या २०२०-२१ मध्ये केंद्राकडे ३ लाख ७० हजार कोटींच्या वर जमा झाले. सात वर्षांचं व्याज एका वर्षाच्या वसुलीतून अडीच महिन्यांत फिटतं. बापाच्या कर्जाचं कारण सांगून पोरगा जमीन विकतो, तेव्हा गाव कर्जाचा आकडा विचारतं. इथे कोणी विचारला नाही.

आता साहेबांच्या शेजाऱ्याकडे वळतो. ‘सगळं केंद्राचं पाप’ म्हणणाऱ्याने मुंबईचा कारभारही तपासावा. १ ऑक्टोबर २०१५ पासून महाराष्ट्राने पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे २ रुपये लावले, कारण दुष्काळ. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला, अधिभार मात्र आटला नाही. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने महामार्गांलगतची दारूची दुकानं बंद झाली, महसूल बुडाला आणि तोवर ६ वर गेलेला पेट्रोलवरचा अधिभार ९ रुपये झाला, महिनाभरात ११. म्हणजे महामार्गावर पिणारा थांबला आणि त्याची भरपाई न पिणाऱ्याने केली. पुढे न्यायालयाच्याच सवलतींनी बरीच दुकानं पुन्हा उघडली. अधिभार थोडा उतरला, २०२० मध्ये आधी १ आणि मग २ रुपये पुन्हा चढला आणि १०.१२ वर जाऊन बसला. तेव्हा सरकार एका आघाडीचं होतं, आधी दुसऱ्या युतीचं. अधिभाराने पक्षभेद पाळला नाही.

आणि आमच्या अमरावतीची कथा तर वेगळीच. वर्षानुवर्षं राज्यात दोन दर होते : बाकी महाराष्ट्राला २५ टक्के, मुंबई, ठाणे, नवी मुंबईला २६. या सव्वीसच्या पंगतीत औरंगाबाद आणि अमरावती शहरंही बसवलेली होती. लोकल नाही, मेट्रो नाही. पण कर मुंबईचा. वऱ्हाडाच्या वाट्याला मुंबईची बरोबरी आली ती अशी.

२७ एप्रिल २०२२ रोजी पंतप्रधानांनी मुख्यमंत्र्यांच्या बैठकीत महाराष्ट्रासह काही राज्यांची नावं घेऊन व्हॅट कमी न केल्याबद्दल सुनावलं. तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी जीएसटीच्या थकीत २६,५०० कोटींची आठवण करून दिली. दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी खरं होतं. केंद्राच्या २१.९० पैकी राज्यांना वाटून द्यावं लागतं ते फक्त मूळ उत्पादन शुल्क, आणि ते आहे १ रुपया ४० पैसे. वित्त आयोगाच्या सूत्राने त्याचे ४१ टक्के म्हणजे ५७ पैसे; त्यात देशातली सगळी राज्यं. बाकीचे वीस-साडेवीस रुपये विशेष शुल्क आणि उपकर अशा नावांनी येतात, त्यांना वाटणी लागू नाही. म्हणून राज्य आपला वेगळा हात नळीला लावतं. भांडण दोन भावांचं, वावर तुमचं-आमचं. जून २०२२ च्या अखेरीस सरकार बदललं आणि नव्या सरकारने जुलैत लगेच पेट्रोलचे ५ रुपये उतरवले. वर्षाला सहा हजार कोटींचा भार पडेल असं सांगितलं गेलं. तो पडला, आणि राज्य काही बुडालं नाही.

‘श्रीमंतांवरचा कर आहे, गाडीवाल्यांवरचा,’ असंही टपरीवर कोणी तरी पुटपुटलं होतं. गाडीवाला म्हणजे कोण, ते ठरवू. बाळापूरहून अकोल्याला रोज दुचाकीने जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर होतात. दिवसाला एक लिटर धरा, वर्षाला ३०० दिवस. ३०० गुणिले ४६.८० म्हणजे १४,०४० रुपये. याच माणसाच्या नावावर दोन एकर असतील तर केंद्राच्या आणि राज्याच्या शेतकरी सन्मान योजनांतून त्याला वर्षाला सहा आणि सहा असे १२,००० मिळतात. देणाऱ्या हाताचा फोटो प्रत्येक फलकावर आहे. घेणारा हात नळीच्या आत आहे. पगारदाराला २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंत प्राप्तिकर नाही. इथे बारा हजार महिना कमावणारा वर्षाला चौदा हजार कर भरतो आणि आपण कर भरतो हे त्याला ठाऊकही नाही. टपरीवर ‘आम्ही टॅक्स भरणारे’ असं म्हणतात, त्यात त्याला कोणी धरत नाही.

सगळ्यात वजनदार मुद्दा मात्र साहेबांनी मांडलाच नाही, तो मीच मांडतो. पेट्रोल जाळणं हवेला वाईट, तेल आयात करणं देशाच्या खिशाला वाईट. मग कर लावून वापर कमी केला तर बिघडलं कुठे? युरोपात पेट्रोलवर याहूनही जास्त कर आहे. हा मुद्दा मी मनापासून मान्य करतो, एका अटीवर : सोडायला दुसरं काही तरी हाताशी हवं. बाळापूर गावाला रेल्वे नाही; गाडी पकडायची तर पारसला किंवा अकोल्याला जा. मूर्तिजापूरहून यवतमाळला आणि अचलपूरला जाणारी, गरिबाची म्हणून ओळखली जाणारी शकुंतला बंद पडली. अकोला-अकोट गाडी रुंदीकरणासाठी २०१७ मध्ये थांबली ती २०२२ च्या अखेरीस धावली. आणि ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ एसटीचा संप चालला, तेव्हा खेड्यातली माणसं काळी-पिवळीत आणि लिफ्ट मागून दुचाकीवर गेली. नेमकं त्याच एप्रिलमध्ये राज्यात पेट्रोल १२० रुपयांना जाऊन भिडलं. पर्याय देऊन लावलेला कर सवय बदलतो. पर्याय न देता लावलेला फक्त खिसा बदलतो.

मग पेट्रोल जीएसटीत आणावं का? राज्यघटनेच्या कलम २७९अ मध्ये पेट्रोल आधीच आहे. फक्त ते कधीपासून, ही तारीख जीएसटी परिषदेने सांगायची आहे. १७ सप्टेंबर २०२१ रोजी लखनऊच्या बैठकीत केरळ उच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून विषय निघाला आणि आत्ता वेळ नाही म्हणून मिटला. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्यांचं त्या दिवशी एकमत झालं. मी जीएसटीचा हट्ट धरत नाही. त्या काळच्या २८ टक्क्यांच्या सर्वोच्च दरानेही सत्तावन्नच्या मालावर सोळा रुपये येतील. सत्तेचाळीस सोडून सोळावर कोण यायला तयार होईल?

कर रद्द करा, असंही मी म्हणत नाही. शाळा, दवाखाने, रस्ते कराविना होत नाहीत. माझं म्हणणं एवढंच, की कर दिसला पाहिजे आणि तेल उतरल्यावर कर किती चढवायचा याला लिहिलेला नियम पाहिजे. तेल स्वस्त झालं तर निम्मा फायदा तिजोरीत, निम्मा पंपावर. असं आधी सांगा, मग घ्या. जुन्या जकात नाक्याला लोक शिव्या देत, पण तिथे आडवा बांबू तरी दिसायचा. सातबाऱ्यावर बोजा असला तर इतर हक्कांत नोंद दिसते. पेट्रोलचा बोजा कुठल्याच उताऱ्यावर नाही.

आणि हे अशक्य आहे असं आमच्या तालुक्याला तरी सांगू नका. पारसच्या औष्णिक केंद्रात तयार होणारी वीज महावितरणच्या बिलातून घरी येते. त्या बिलात स्थिर आकार वेगळा, वहन आकार वेगळा, इंधन समायोजन आकार वेगळा आणि राज्याचं वीज शुल्क १६ टक्के, तेही वेगळ्या ओळीत. लोक ते बिल वाचतात, भांडतात, मोर्चा नेतात. पारसचं जमतं, त्याच तालुक्यातल्या गायगावहून येणाऱ्या पेट्रोलचं का जमू नये? आकडे रोज संगणकातच असतात. छापायच्या दोन ओळी आहेत : केंद्राचा कर इतका, राज्याचा इतका.

पुढच्या वेळी साहेबांनी ‘कोनाची गाडी थांबली?’ म्हणून विचारलं, की मी त्यांच्याकडे त्यांची पंपावरची पावती मागणार आहे. तिच्यावर तारीख असेल, लिटर असतील, दर असेल, रक्कम असेल, तळाशी धन्यवादही असेल. ४६ रुपये ८० पैसे कुठे लिहिलेत, ते त्यांनी चष्मा लावून मला दाखवावं. चहाचे पैसे मी देईन.